सागवान, मोठा, एक नग

डोंगा विकायचा कसा, हे आमच्या कोष्ट्यांच्या पेठेत, टिमकीत, एकालाही ठाऊक नव्हतं. मोडायचा कसा, हे मात्र झाडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मुळात चूक ह्यांची, आणि ती कारकुनाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. एका सरकारी कचेरीत मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव होता आणि आम्हाला पलंग हवा होता. आमच्या उत्तराचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. उमरेडचे व्याही महादेवराव तसे भले गृहस्थ, बैठकीत त्यांनी काही म्हणता काही मागितलं नाही. फक्त उठता उठता, चपला पायात सरकवत म्हणाले, "आमाले काही नको जी. एक सागवानी पलंग द्या, म्हणजे झालं. चार लोकांत दिसला पाहिजे." चपला घालताना काढलेला विषय हाच खरा विषय असतो, हे लेकीची आई झाल्याशिवाय कळत नाही. उत्तराने त्या न आलेल्या पलंगासाठी उशांचे अभ्रे भरायला घेतले होते. एकेका अभ्र्यावर दोन दोन पोपट. मुलगा तिला आवडला होता. ती बोलली नव्हती, पण पोपटांच्या चोची एकमेकांकडे होत्या.

तर मनोहरराव, म्हणजे आमचे हे, लिलावाला गेले. यादीत सातव्या क्रमांकावर लिहिलेलं होतं: सागवान, मोठा, एक नग. दुसरा कोणी असता तर गोदामात जाऊन वस्तू पाहून आला असता. पण बावीस वर्षं ज्यानं जग कागदावरूनच ओळखलं, त्याला कागदाच्या पलीकडे पाहणं म्हणजे कागदाचा अपमान वाटतो. "सागवान आहे, मोठा आहे, एक आहे," ते मला नंतर सांगत होते. "मग आणखी काय पाहायचं?" बोली लावली, पावती फाडली, सही झाली. मग चौकीदाराने त्यांना कन्हान नदीच्या काठच्या गोदामात नेलं आणि हात करून दाखवलं. चौदा हात लांबीचा डोंगा होता.

हे म्हणे पाच मिनिटं त्याच्याकडे आणि पाच मिनिटं पावतीकडे पाहत उभे होते. पावतीत एकही अक्षर खोटं नव्हतं.

दोन बंड्या एकामागे एक बांधून, बैल बदलत बदलत डोंगा शहराकडे निघाला. जकातीच्या नाक्यावर अडला. नाकेदार म्हणाला, लाकूड म्हणून नोंदवू की वाहन म्हणून? इथे दुसऱ्या माणसानं हात जोडून "काहीही लिहा बापा" म्हटलं असतं. पण ह्यांच्यातला कारकून जागा झाला. वाहन म्हणता येणार नाही, कारण ज्यावरून ते चालतं ते पाणी नाक्यावर नाही. लाकूड म्हणता येणार नाही, कारण लाकडाला दोन्हीकडे टोक आणि मध्ये पोट नसतं. दोन तास दोघं कारकून त्या प्रश्नाभोवती आनंदाने फिरत राहिले, बैल उभ्या उभ्या झोपले. शेवटी दोघांच्या संमतीने नोंद झाली: घरगुती भांडे, मोठे.

भादव्याचे दिवस, तीन दिवसांची झड लागलेली. अशात भर दुपारी घरगुती भांडं गल्लीत शिरलं. मी दारात धान्य निवडत होते. आधी गल्लीच्या तोंडाशी एक काळं, निमुळतं नाक दिसलं. मग ते येतच राहिलं, येतच राहिलं. इतकी मोठी वस्तू इतकी गप्प येताना मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. रागवायचं होतं, पण ते मला संध्याकाळपर्यंत सुचलंच नाही.

डोंगा अंगणात टेकला. नाक तुळशीपाशी, शेपूट फाटकाबाहेर दोन हात. घटकाभरात शेजारच्या मैनाबाई धावत आल्या. धापा टाकत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुभद्रे, खरं सांग वं. तलाव फुटून राहिला का?"

"कोणता तलाव?"

"लपवू नको वं माये. तुया नवरा सरकारात कामाले. त्याईले आधी ठाऊक पडते. नाही तर कोष्ट्याच्या घरी डोंगा काहून येईन?"

मी हजार वेळा सांगितलं की पलंगासाठी आणला. त्यावर कोणाचा विश्वास बसेना, आणि बसू नये असंच ते उत्तर होतं. दिवस मावळेपर्यंत पेठेतली ज्वारी माळ्यावर चढली, मागांवरची लुगडी अर्धवट कापून गाठोडी बांधली गेली, आणि सात घरांनी येऊन आमच्या डोंग्यात आपापली जागा धरून ठेवली. मैनाबाईंनी तर आपली उशीच आणून ठेवली. तलाव फुटला नाही, तेव्हा सगळे आमच्यावर रागावले. फसवल्यासारखं वाटलं असणार. तेव्हापासून भाजीवालीसुद्धा मला "डोंगेवाल्या बाई" म्हणून हाक मारू लागली. बावीस वर्षं मी ह्या गल्लीत मनोहररावांची मंडळी म्हणून मानानं राहिले होते; तो मान एका दुपारीत गेला.

मग सल्ले सुरू झाले. विकायचा की मोडायचा, यावर आमच्या ओट्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी उत्तराच्या लग्नावर झाली नव्हती. विकायच्या बाजूला मी एकटी. का, ते मलाही सांगता येत नव्हतं. मोडायच्या बाजूला अख्खी पेठ, कारण मोडला तर प्रत्येकाला त्यातलं काही ना काही हवं होतं. मैनाबाईंना दाराच्या उंबऱ्यासाठी एक फळी, कोणाला झोपाळ्यासाठी साखळी, कोणाला वल्ह्याचा दांडा. पलंगाला लागेल तेवढं सागवान आमचं, उरलेलं लोकांचं, असा हिशेब लोकांनीच लावून टाकला होता.

तोवर विकत घ्यायला आला तो एकच. श्रावण रंगारी. त्यानं डोंग्यात आत उतरून पावलानं लांबी मोजली आणि म्हणाला, "बरोबर हाय वहिनी. दोन मण सूत एका टायमाले भिजते. इकडून निळा भरतो, तिकडून मधात पाट टाकून लाल."

नदीत चालायचं ते आता नीळ पोटात घेऊन बसणार, ही कल्पना मला सोसेना. मी म्हटलं, "विचारून सांगते." त्यानं डोंग्याकडे असं पाहिलं, जसं मुलगी पसंत करून हुंडा ठरवायला थांबलेला माणूस पाहतो.

शेवटी ह्यांनी नत्थूजींना बोलावलं. नत्थूजी आमच्या पेठेतले म्हातारे सुतार. माग बनवण्यात हयात गेलेली. करवत घेऊन आले, कानाला पेन्सिल. चार जणांनी डोंगा उपडा केला. नत्थूजी एकदा त्याच्याभोवती फिरले. दुसऱ्यांदा फिरताना त्यांचा हात लाकडावरून निघेना. तिसऱ्यांदा गुडघे टेकून ते डोंग्याखाली शिरले आणि तिथूनच हाक मारली, "बाई, अंदर या जरा."

दुपारचे बारा. मी पदर खोचला आणि त्या उपड्या डोंग्याखाली रांगत गेले. तोंडाशी नत्थूजींनी पोतं लावलं, आणि काय सांगू, रात्र झाली. बाहेर ऊन रणरणत होतं, मैनाबाईंचं बोलणं ऐकू येत होतं आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"पाहा," नत्थूजी अंधारातून म्हणाले. "एवढी फळ्याईची जोड, अन् केसाएवढा उजेड नाही येत. मी साठ वर्षं जोड देऊन राहिलो बाई. माझा असा एक नाही बसला."

"मग आता?"

"आता काय? मी नाही कापत." मग म्हणाले, "आज तर नाहीच कापत. कार्तिकी पुनवेपर्यंत करवत लागली तर पलंग वेळेवर होईन. तोपर्यंत मले रोज येऊन पाहू द्या."

आणि खरंच ते रोज येऊ लागले. येत, ओट्यावर बसत, चहा घेत, डोंगा पाहत आणि करवत घेऊन परत जात. ह्यांना वाटे, नत्थूजी मजुरी वाढवून मागणार. मला कळे, त्यांना काही मागायचंच नव्हतं.

त्या अंधारात माझ्या बोटांना आणखी एक गोष्ट लागली होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्यांच्या सांध्यात नखानं उकरून पाहिलं. राळेत आणि तेलात काळंठिक्कर झालेलं, ठासून भरलेलं सूत निघालं. जन्म सुतात गेलेल्या बाईला सूत ओळखायला उजेड लागत नाही. मागावरून कापड उतरवताना जी टोकं उरतात, जी आम्ही गाठोडी बांधायला नाही तर दिव्याच्या वातीला देतो, तीच पिळून पिळून त्या सांध्यांत बसवली होती. त्या सुताचं लुगडं केलं तर दोन वर्षांत विरतं. इथं त्यानं कोण जाणे किती पावसाळे नदी अडवून धरली होती! मी ते परत जागेवर दाबून बसवलं आणि उगाच इकडे तिकडे पाहिलं, कोणाच्या तरी पोटात हात घातल्यासारखं झालं होतं.

एवढ्यात ह्यांना एक नवं कळलं. डोंगा जोवर डोंगा आहे तोवर कोणाची ना नाही. मोडला की तो सागवान. आणि सागवान म्हटलं की झाड कुठलं, कोणाच्या शेतातलं, तोडलं कोणत्या परवान्यानं, याचा दाखला. ह्यांना जणू सणच लागला. तीन अर्ज लिहिले. एकात लिहिलं होतं, "सदरहू झाड हयात नसल्याने त्याचा ठावठिकाणा कळण्यास मार्ग नाही." त्यावर उत्तर आलं, झाड हयात नसल्याचा दाखला जोडावा.

आश्विन लागला. डोंगा होता तिथंच होता. आणि मग मैनाबाईंच्या जावयाला साडेसाती लागली.

डोंग्याच्या खिळ्याची अंगठी घातली की शनीची पीडा टळते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मैनाबाई वाटी घेऊन साखर मागायला याव्यात तशा आल्या. "एक खिळा दे वं. इतक्याईतून एकच." जावयाचा प्रश्न, मी नाही कशी म्हणू? नत्थूजींचा जंबुरा ओट्यावरच पडलेला असे. एक खिळा निघाला. डोंग्यानं एक लहानसा आवाज केला, म्हाताऱ्या माणसानं दात उपटून घेताना करावा तसा.

मला वाटलं, झालं. पण तो शनिवार होता. पुढच्या शनिवारी आमच्या फाटकाशी रांग होती. ह्या शहरात शनीनं किती जणांना पकडलंय याची मला कल्पनाच नव्हती! किराणेवाले, मास्तर, एक वकील, हवालदाराची बायको. ह्यांच्या साहेबांनी तर चपराशाच्या हाती चिठ्ठी पाठवली, "एक खिळा, मध्यम आकाराचा." साहेबाला नाही कोण म्हणणार? ह्यांनी त्या खिळ्याची पोच घेतली. कोणी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. दुसऱ्याच्या साडेसातीवर लेकीचा पलंग करायचा माझा जीव होईना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी सहज पुन्हा डोंग्याखाली शिरले. आता तिथं रात्र नव्हती. म्हणजे होती, पण चांदण्यांची. खिळ्यांच्या भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके आत आलेले, माझ्या हातावर, लुगड्यावर पडलेले. इतकं सुंदर आणि इतकं वाईट मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. मोडायचं की विकायचं हे आपण ठरवतोय ठरवतोय म्हणता म्हणता डोंगा मोडला जातच होता. कोणी करवत लावली नव्हती, एवढंच.

आणि दिवाळी झाली तशी बातमी आली: खिळे चालत नाहीत. किराणेवाल्याच्या दुकानात उंदीर शिरले, मैनाबाईंचा जावई सायकलवरून पडला, आणि साहेबांच्या हातात अंगठी आली त्याच दिवशी बदलीचा हुकूम आला. ज्यांनी पत्रिका पाहून साडेसाती सांगितली होती त्या जोशीबुवांकडे सगळे गेले. बुवांनी डोळे मिटून विचार केला आणि विचारलं, "खिळा कोणत्या डोंग्याचा?"

"टिमकीतला."

"टिमकीत पाणी कुठं हाय?" बुवा कडाडले. "चालत्या डोंग्याचा पाहिजे! ज्यानं माणसं पार केली, त्याचा. आंगणातल्या डोंग्याचा खिळा म्हणजे नुसतं लोखंड. उलट त्या डोंग्यालेच साडेसाती, तुमी ती बोटात घालून फिरून राहिले!"

त्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी पुन्हा रांग लागली. यावेळी खिळे परत करायला. ज्यांनी अंगठ्या केल्या होत्या ते अंगठ्या घेऊन आले. प्रत्येक जण खिळा ओट्यावर ठेवी आणि माझ्याकडे असं पाही की मीच त्यांच्या घरी शनीला पत्ता देऊन पाठवलं. हवालदाराची बायको म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं बाई." मला काय ठाऊक होतं? मला तर डोंगा पाण्यावर कसा राहतो तेसुद्धा ठाऊक नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी विहिरीत डोकावण्यापलीकडे पाण्याजवळ गेले नव्हते.

त्या गर्दीतच तो म्हातारा आला होता. काटक, काळा, खांद्यावर पंचा. गर्दी पांगली तरी तो उभाच. म्हणाला, "मी बाबन जी. कन्हानच्या घाटावर डोंगा हाकतो." मग स्वतःच दुरुस्त केलं, "हाकत होतो. आवंदाच्या पुरात माझा गेला. बंडीवाल्यानं सांगतलं, टिमकीत एक हाय म्हून."

पेठेत पहिल्यांदा कोणी माणूस आमच्या डोंग्याकडे असा आला की त्याला त्यातलं काही नको होतं. अख्खा डोंगा, तोही पाण्यावर हाकायला, हवा होता. बाबनराव चपला काढून जवळ गेले. हात लावला. एका भोकात बोट घातलं, दुसऱ्यात घातलं, आणि खाली बसून बाकीची मोजली.

"हे काय केलं जी?"

मी मान खाली घालून उभी राहिले, शाळेत पाटी फोडलेल्या पोरीसारखी.

"चालेल का पण?" मी शेवटी विचारलं. "पुन्हा?"

"लाकूड जित्तं हाय. खिळे ठोका, सांध्यात सूत भरा, बाकी पाणी पाहून घेते." त्यांनी मान वर केली. "पण मले एकदम पैसे नाही देता येणार बाई. पाहा बा. तुमाले पोरीचा पलंग करायचा हाय म्हणते."

घरात मी विचारलं तर हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं, तेही नेमकं चुकीच्या वेळी. उत्तरा अभ्रा खाली ठेवून म्हणाली, "माझं लग्न डोंग्याशीच लावून द्या अन् मोकळे व्हा." हसत म्हणाली, पण सुई उलटी धरली होती. कार्तिकी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. करवत आता लागली नाही तर पलंग नाही, पलंग नाही तर उमरेडला काय सांगायचं? त्या रांगेतल्या सगळ्यांचा शनी एकत्र येऊन माझ्या ओट्यावर बसला होता.

पण खिळे परत आणणाऱ्या लोकांनीच पुढचं ठरवून टाकलं. खिळे तर त्यांचेच होते! डोंगा एकदा कन्हानमध्ये घालायचा, त्यात बसून एकदा पार जायचं, मग खिळा खरा. पलंगाचं नंतर पाहू. आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याचं काम नंतर पाहण्यात आमच्या पेठेचा हात कोणी धरणार नाही.

दोन दिवस आमच्या अंगणात मेळा होता. घरोघरच्या बायका मागांची उरलेली टोकं घेऊन आल्या; लाल, पिवळी, हिरव्या काठांची. मांडीवर पीळ देत बसल्या, बाबनराव राळ कढवत होते, नत्थूजी सांध्यात सूत ठासत होते. सूत सारखं करण्यावरून मैनाबाईंचं आणि माझं भांडण झालं. त्यांचा पीळ सैल होता, आजही आहे. मग ज्याचा खिळा त्यानं आपल्या हातानं ठोकला. वकिलाला हातोडी धरता येईना. साहेबांचा खिळा ह्यांनी ठोकला, आणि पोच साहेबांना परत पाठवली.

डोंगा बंड्यांवरून पुढे गेला; आम्ही रविवारी निघायचं, तर शनिवारी उमरेडहून पत्र: "रविवारी सकाळच्या मोटारीने सहकुटुंब पलंग पाहावयास येत आहोत."

मी पत्र ह्यांच्यापुढे धरलं. हे म्हणाले, "कळवू या की पलंग कन्हानला आहे." ते खोटं नव्हतं. पावतीप्रमाणे सातव्या क्रमांकाचा नग तेव्हा कन्हानच्या वाटेवरच होता.

अशा रीतीने व्याही महादेवराव, पांढरं धोतर, काळी टोपी, आणि विहीणबाई अनुसया आमच्याबरोबर कन्हानच्या घाटावर आले. डोंगा पाहून महादेवराव थांबले. "पलंग?"

ह्यांनी यादी काढून दाखवली. महादेवरावांनी ती वाचली. चेहरा टोपीच्या रंगावर गेला. मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे चौदा पोपट उमरेडहून परत आले.

तेवढ्यात विहीणबाईंनी मैनाबाईंकडून खिळ्यांची हकीकत काढून घेतली होती. त्या पुढे झाल्या. "अहो, बसा गपचिप डोंग्यात. साडेसातीची अडीच वर्षं बाकी हाय तुमची. पलंगाचं पार गेल्यावर बोला."

बसले. साडेसातीपुढे पलंग थोडा वेळ थांबू शकतो, हे मोठ्या माणसांनाही कळतं. बाबनराव उभे, हातात बांबू. आम्ही अकरा जण. डोंगा वाळूवरून सरकला, खर्रर्र आवाज झाला, आणि मग एकदम आवाज थांबला. माझ्या खाली काहीच उरलं नाही. आयुष्यभर मी जमिनीवर बसले होते. जमीन इतकी आवाज करत असते हे मला तेव्हा कळलं.

मग पाणी आलं. आधी सांध्यांतून पाझर, मग तळव्याला गार, मग घोट्यापर्यंत. वकिलानं स्तोत्र सुरू केलं. महादेवराव उभे राहिले, तसा डोंगा कलला.

"बसा जी खाली!" बाबनराव म्हणाले.

"मनोहरराव, काठाले लावा!" महादेवराव ओरडले. दोन्ही हातांनी त्यांनी ह्यांना मिठी मारली होती. "मले पलंग नको, गादी नको, काही नको! पोरीले नारळावर पाठवा, आमी आनंदानं नेतो! गंगेची शपथ!"

"ही कन्हान हाय जी," बाबनराव शांतपणे म्हणाले.

"मग कन्हानची शपथ!"

"थांबा जरा. कोणी हलू नका. लाकूड पाणी पिऊन राहिलं."

आम्ही थांबलो. अकरा माणसं, मधल्या धारेत, पायाशी पाणी. मैनाबाईसुद्धा गप्प होत्या, आणि तो चमत्कार मी याआधी आणि यानंतर कधी अनुभवला नाही. मी सांध्यावर तळहात ठेवला. सुताखालून पाणी बारीक वाऱ्यासारखं येत होतं. मग ते कमी झालं. बोटाखाली सूत फुगलं, फळी फळीकडे सरकली. सरकली म्हणजे दिसली नाही, हाताला कळली, पोटातलं मूल फिरल्यासारखी. आणि पाणी थांबलं. पूर्ण थांबलं. सोळा सतरा घरांची उरलीसुरली टोकं आणि साडेसातीचे सगळे खिळे मिळून नदी धरून बसले होते. नत्थूजींच्या डोळ्यांना धार लागली होती. ते म्हणाले, पाण्याचे शिंतोडे.

जाऊन परत आलो. काठावर नत्थूजींनी जंबुरा काढला. आता ज्याला हवा त्यानं आपला खिळा काढून घ्यावा. खिळे आता खरे झाले होते. सगळ्यांनी जंबुऱ्याकडे पाहिलं, मग डोंग्याकडे, मग एकमेकांकडे. आपण कशावर बसून आलो हे प्रत्येकाला घोट्यापर्यंत कळलेलं होतं. हवालदाराची बायको म्हणाली, "राहू द्या. तिथंच राहिला तर शनीले दिसते, आमचा हाय म्हून." जंबुरा पिशवीत गेला.

महादेवराव धोतर पिळत होते. कोरडं झाल्यावर माणूस पुन्हा व्याही होतो. खाकरून म्हणाले, "तर मनोहरराव, तो पलंगाचा विषय..."

"कोणता पलंग?" विहीणबाई म्हणाल्या. "मी ऐकलं, वकीलसाहेबानं ऐकलं. पाण्यावर शपथ घेऊन काठावर फिरवता? अडीच वर्षं बाकी हाय तुमची, ध्यानात ठेवा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का इहीणबाई? घरात दोन माग हायेत. पलंग ठेवायले जागाच नाही. यांनी कोणाच्या तरी लग्नात पाहिला होता, म्हून." आणि माझा हात दाबला. त्यांच्या तळहातावर माझ्यासारखेच सुताचे घट्टे होते. माझी उत्तरा कुठे चालली आहे हे मला त्या हातानं सांगितलं. बैठकीत इतकी बोलणी झाली, त्यातून ते कळलं नव्हतं.

डोंगा बाबनरावांना हप्त्यांनी द्यायचं ठरलं, आणि हे वाळूत उकिडवे बसून मांडीवर त्याचा करारनामा लिहू लागले. वस्तूचे वर्णन या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी डोंग्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, आणि मला हाक मारली, "काय लिहू गं?"

मी उतरलेच नव्हते. सगळे उतरले तेव्हा मला वाटलं होतं की मीही उतरतेच आहे, पण मी डोंग्यात होते आणि हात अजून सांध्यावर होता.

"बाई, उतरत नाही का?" बाबनरावांनी विचारलं.

"अजून एकदा नेता?"

"पलीकडं काही काम हाय?"

"काही नाही."

त्यांनी बांबू वाळूत रोवून रेटा दिला. काठावर ह्यांनी कागद वर करून काहीतरी विचारलं, मैनाबाई ओरडल्या की वेडी झाली का सुभद्रा, उत्तरा हसायला लागली. मग वाळूचा आवाज थांबला.